चार घरं, एक बँड: टाळेबंदीतला पॉवर पॉप-पंक अल्बम नेमका कसा जुळतो

प्रश्न थोडक्यात असा: टाळेबंदीत ड्रमर एका घरात, गिटारवाला दुसऱ्या, बेसवाली तिसऱ्या आणि गायक चौथ्या घरात अडकलेला असताना काही पॉवर पॉप-पंक (गोड चाल आणि दणकट, वेगवान गिटार) बँडांनी अख्खे अल्बम केले. ऐकताना मात्र चौघं एकाच खोलीत घाम गाळत वाजवताहेत असं वाटतं. हे त्यांनी कसं जमवलं, आणि आज सभासद वेगवेगळ्या गावांत असले तर तसंच करता येईल का?

करता येतं. मात्र लोकांचा सगळा वेळ जातो माइक आणि प्लग-इन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) निवडण्यात, आणि घरी केलेला पंक अल्बम फसतो तो लयीत आणि सुरात. महागड्या माइकने यातलं काहीच सुटत नाही. कामाचा क्रम, फायलींची शिस्त आणि गिटार सुरात लावायची पद्धत यांनी बरंचसं सुटतं.

आधी एक गैरसमज दूर करू. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवून रेकॉर्डिंग होत नाही. खोलीत तीन मीटरवर बसलेल्या ड्रमरचा ठोका सुमारे ९ मिलिसेकंदांत कानावर येतो. २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर वादक सांभाळून घेतात, त्यापुढे लय ओढली जाते. व्हिडिओ कॉलचा उशीर सहज १५० मिलिसेकंदांवर जातो. आता १८० बीपीएमचं (मिनिटाला १८० मात्रांचं) गाणं घ्या: एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची, अर्धी १६७ ची. पंक गिटारचा उजवा हात अर्ध्या मात्रेवरच चालतो, म्हणजे समोरचा माणूस जवळजवळ एक अख्खा फटका मागे. जॅम्युलससारखी कमी उशीर देणारी सॉफ्टवेअरं २०२० मध्ये खूप वापरली गेली. तारेचं इंटरनेट असेल आणि माणसं फार लांब नसतील तर सरावाला ती चालतात, पण पक्कं रेकॉर्डिंग प्रत्येकाने आपल्याच यंत्रावर, गाइड ट्रॅकवर करायचं.

क्रम असा. ज्याचं गाणं आहे तो क्लिकवर (हेडफोनमधल्या मात्रांच्या टिकटिकीवर) गिटार आणि कच्चा आवाज घेतो, हा गाइड. त्यावर ड्रम, ड्रमवर बेस, मग गिटारी पुन्हा पहिल्यापासून, मग मुख्य आवाज, जोडस्वर आणि शेवटी सगळ्यांचं ओरडणं. गाइडमधली गिटार कितीही झकास वाटली तरी ती टाकूनच द्यायची. ती क्लिकला धरून वाजवलेली असते. खरा ड्रमर मात्र कोरसमध्ये शिरताना फिलमधून (दोन भागांना जोडणाऱ्या ड्रमच्या तुकड्यातून) किंचित पुढे झेपावतो, आणि गिटारने तिथे त्याच्याबरोबर झेपावलं तरच तो धक्का बसतो.

टाळेबंदीत बहुतेकांची गाडी इथेच अडली. ड्रम वाजवायला जागा नाही, म्हणून ड्रम शेवटी. तोवर गिटारी, बेस, आवाज सगळं क्लिकवर पक्कं झालेलं असतं आणि मग ड्रमर त्यावर ‘बसवतो’. ऐकायला कुणी चुकलेलं नसतं, तरी गाणं पुढे सरकत नाही, जागेवरच उड्या मारतं. नाइलाजाने ड्रम शेवटी घ्यावेच लागले, तर निदान बेस आणि दोन ऱ्हिदम गिटारी त्यानंतर पुन्हा वाजवा. तीन मिनिटांच्या गाण्याला हे एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्या संध्याकाळची बरोबरी एडिटिंगचा कुठलाही आठवडा करू शकत नाही.

ऑकलंडच्या द बेथ्स या बँडचं २०२१ मधलं रेकॉर्डिंग टाळेबंदीने मध्येच थांबलं, तेव्हा त्यांनी उरलेली बांधणी आपापल्या घरून, एकमेकांना टिपणं पाठवत केली. सोयीची वाटणी हीच: मिळेल त्या संधीला ड्रम आणि बेस उरकायचे आणि एकट्याने सावकाश करण्याजोगं काम घरासाठी ठेवायचं.

क्लिक सरसकट एकाच वेगाचा ठेवू नका. बँडचं जुनं सरावाचं रेकॉर्डिंग असेल तर त्यात वेग मोजा. कडवं १७६ वर आणि कोरस १७९ वर असं सर्रास सापडतं. तोच चढउतार टेम्पो मॅपमध्ये (गाण्यात कुठे किती वेग याच्या नकाशात) भरा आणि मॅपची मिडी फाइल (आवाज नव्हे, फक्त वाजवण्याच्या सूचना असलेली) सगळ्यांना द्या. गाण्याआधी दोन आवर्तनांची मोजणी हवीच. क्लिक अर्ध्या मात्रेवर ठेवा, कारण पूर्ण मात्रेच्या क्लिकमध्ये उजव्या हाताला मधल्या मोकळ्या जागेत भटकायला वाव मिळतो.

फायलींचं प्रकरण कंटाळवाणं आहे, पण इथे झालेली चूक शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. सगळ्यांनी ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं), २४ बिट, वेव्ह फाइल. एकाने ४८ वर केलेली फाइल दुसऱ्याकडे रूपांतर न होता ४४.१ च्या प्रकल्पात उघडली, तर ती जवळपास दीड अर्धस्वर खाली आणि हळू वाजते. तीन मिनिटांचं गाणं सव्वातीन मिनिटांच्या पुढे जातं. ही चूक निदान लगेच कळते. एमपी३ची चूक कळत नाही. त्या स्वरूपात फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा भरली जाते. लेम एन्कोडरने केलेल्या फायलीत ही भर आणि वाजवतानाचा उशीर मिळून सुमारे ११०५ सॅम्पल होतात, म्हणजे ४४.१ वर २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ती कापतात, काही नाही. गाइड एमपी३ मध्ये पाठवला की कुणाची गिटार उशिरा का बसते हे शोधण्यात रात्री जातात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या मोनो फायलीला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. एवढी जागा वाचवून मिळवायचं काय?

दुसरा सापळा म्हणजे गाइड मोबाइलवर वाजवायचा आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपवर करायचं. दोन यंत्रांची घड्याळं हुबेहूब सारखी नसतात. दहा लाखांत ५० एवढा फरक असला तरी तीन मिनिटांच्या शेवटी ९ मिलिसेकंदांची तफावत पडते. पहिलं कडवं जुळतं, शेवटचा कोरस सुटतो. गाइड आणि रेकॉर्डिंग एकाच इंटरफेसवर (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडायच्या पेटीवर) असलं की हा प्रश्नच येत नाही.

प्रत्येक इंटरफेसची एकदा चाचणीही घ्या. आउटपुटपासून एक तार नेऊन त्याच इंटरफेसच्या इनपुटला जोडा, क्लिक वाजवा आणि तोच रेकॉर्ड करा. मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांच्यातलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. समजा ९६ सॅम्पल निघालं, तर तो २ मिलिसेकंदांचा उशीर. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो आकडा भरून टाका. ड्रायव्हर किंवा बफर बदलला की पुन्हा मोजा. आणि ब्लूटूथ हेडफोन या कामातून पूर्णपणे बाद.

पाठवताना प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू झालेली हवी, बॅकिंगचा आवाज फक्त शेवटच्या कोरसमध्ये असला तरी. नावात गाणं, वाद्य, टेक (कितव्यांदा वाजवलेलं) आणि वेग यावा. ‘फायनल २ नवीन’ असल्या नावाने फाइल आली तर ती उघडूच नका, नाव बदलून परत मागवा. मुख्य प्रकल्प एकाच माणसाकडे राहू द्या.

ड्रम. तीन वाटा आहेत. ड्रमरला एकट्याला अर्धा दिवस मोकळी जागा मिळत असेल, गराज किंवा सरावाची खोली, तर चार माइक पुरतात: किकमध्ये (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये) एक, स्नेअरवर (समोरच्या खणखणीत ड्रमवर) एक आणि वर दोन. वरच्या दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरीने मोजून सारखं करा. ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे १ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात स्नेअरचा दम जातो. छत ठेंगणं असेल तर सिम्बलचा आवाज छतावर आपटून लगेच परत येतो, म्हणून माइकच्या वर जाड गोधडी किंवा गादी टांगा. ड्रमरला एकच सूचना पुरे: ड्रम जोरात, सिम्बल हळू. पंक ड्रमरचा हात नेमका उलटा चालतो, आणि लहान खोलीत उघड्या हाय-हॅटचा (पेडलने उघडझाप होणाऱ्या सिम्बलच्या जोडीचा) सळसळाट सगळ्यावर पसरतो. तो नंतर काढता येत नाही.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक किटची. ऑडिओबरोबर मिडीही मागवा. पॅडची संवेदनशीलता अशी लावा की सर्वांत जोरकस फटका मिडीच्या १२७ पर्यंतच्या मापात ११५-१२० च्या आसपास पडेल. प्रत्येक स्नेअर १२७ वर गेला तर एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजतो आणि टाइपरायटर ऐकल्यासारखं वाटतं. पण खोटेपणा सर्वांत आधी उघडा पडतो तो सिम्बलमध्ये. अर्धवट उघड्या हाय-हॅटवर या संगीताचं निम्मं कोरस उभं असतं आणि पॅडचं पेडल ते बारकावे पकडत नाही. म्हणून तिसरी वाट मला सर्वांत पटते: किक, स्नेअर आणि टॉम पॅडवर, सिम्बल आणि हाय-हॅट खरे, त्यांच्यावर दोन माइक. स्नेअरचा आवाज सिम्बलच्या माइकमध्ये शिरत नाही, आणि शेजाऱ्यांचा त्रासही बराच कमी होतो.

बेस थेट इंटरफेसमध्ये, पिकने, सगळे फटके खालच्या दिशेने. मिक्सिंगमध्ये त्याच्या दोन प्रती करा: एकीतून २०० हर्ट्झच्या वरचं कापा आणि तिला स्वच्छ ठेवून कॉम्प्रेस करा (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करा). दुसरीतून खालचं कापा आणि तिला चांगली कुरकुरीत करा. दोन्ही एकत्र लावल्यावर खालचा भाग पातळ वाटला, तर एखादं प्लग-इन एक प्रत मागे ढकलतंय असं समजा.

गिटारीवर थोडं थांबू, कारण या शैलीचा जीव इथे आहे. ‘पॉवर पॉप’ हा शब्द द हूच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला. त्यात गोड चाल आणि दणकट गिटार एकत्र नांदायची असते, आणि डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटका-खरखरीत केलेल्या आवाजात) या दोघांचं पटत नाही. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प. गिटारच्या पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम २ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) कमी असतो, म्हणून कितीही डिस्टॉर्शन लावलं तरी तो ठाम उभा राहतो. गंधार मात्र तसा नाही. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांच्या कानात आहे त्यांना हे पटकन कळेल: गिटारचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. स्वच्छ आवाजात हे खपून जातं. डिस्टॉर्शनमध्ये स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर तयार होतात आणि पूर्ण मेजर कॉर्ड चिखलासारखी गढूळ होते.

उपाय मिक्सिंगमध्ये शोधू नका, वाटणीत शोधा. जाड गिटारींनी सा-प धरायचा. गंधार द्यायचा तो आवाजांना, किंवा स्वच्छ गिटारला, किंवा कधीमधी बेसला. गिटारी सा-प वर ठाम असताना बेस एका आवर्तनापुरता गंधारावर गेला की कोरसला जी हुरहूर येते ती या शैलीची खास ओळख आहे. स्वच्छ गिटार वेगळ्या जागी वाजवा. गाणं ए मध्ये असेल तर एक गिटार उघड्या ए आकारात, दुसरी दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावून जी आकारात. स्वर तेच, तारांची रचना वेगळी, त्यामुळे बारा तारांच्या गिटारसारखा झळाळ येतो.

सूर लावताना तार हळूच छेडून लावतात आणि मग वाजवताना तिला झोडपतात. जोरात मारलेली तार पहिल्या क्षणी चढी बोलते. म्हणून ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने मारून सूर लावा, आणि दर टेकआधी तपासा. डाव्या हाताची पकड हीसुद्धा सुराचीच बाब आहे. क्लिकच्या ताणात बोटं तारा दाबून धरतात आणि मग दोन गिटारी एकमेकींशी भांडतात.

अँप वाजवता येत असला तरी कोरा (अँपमधून न गेलेला) सिग्नल वेगळा रेकॉर्ड कराच. इनपुट ‘इन्स्ट्रुमेंट’वर ठेवा आणि सर्वांत जोरकस फटका उणे १२ डीबीच्या आसपास राहील अशी पातळी लावा. असा कोरा सिग्नल असेल तर चार महिन्यांनी अख्ख्या अल्बमच्या गिटारी एकाच अँपमधून किंवा एकाच अँप सिम्युलेटरमधून काढता येतात. लॅपटॉपच्या चार्जरमुळे गुणगुण येत असेल तर टेकपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गिटारला सिंगल-कॉइल (एकाच गुंडाळीचा, गुणगुण पकडणारा) पिकअप असेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनपासून दूर, अंगच थोडं फिरवून बसा. गुणगुण सर्वांत कमी होईल असा एक कोन असतो.

डावी-उजवी भिंत दोन वेगवेगळ्या टेकची हवी. एकाच टेकची प्रत काढून १५ मिलिसेकंद सरकवली तर हेडफोनमध्ये रुंद वाटते आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर डब्यातून आल्यासारखी होते. दोन टेक एकत्र आल्यावर डिस्टॉर्शनही वाढल्यासारखं वाटतं, म्हणून एकेकटी गिटार ऐकताना ‘जरा कमीच आहे’ असं वाटेल इतकंच गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) ठेवा.

आवाज. घरी केलेल्या पंक अल्बममधला सर्वांत न भरून येणारा दोष म्हणजे दबून गायलेला गायक. शेजारी ऐकतील, पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय, म्हणून माणूस अर्ध्या घशाने गातो आणि मिक्सिंगमध्ये आवाज मोठा करू असं म्हणतो. पण जोरात गाताना आवाजाचा पोतच बदलतो, वरचे स्वर धारदार होतात. फेडर वर सरकवून ती धार येत नाही. उभ्या असलेल्या मोटारीत काचा लावून गाणं हा उपाय ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण चालतो. आसनं आवाज पितात, प्रतिध्वनी जवळजवळ नसतो आणि माणूस मोकळेपणी ओरडू शकतो.

घरात गायचं तर जाड रजई गायकाच्या पाठीमागे टांगा, माइकच्या मागे नव्हे. कार्डिऑइड माइक पुढचं ऐकतो, म्हणजे गायकाच्या मागची भिंत त्याला सरळ दिसते. तोंड ते माइक १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. कोरसमध्ये एक पाऊल मागे. प्रत्येक गाण्याचे चार-सहा पूर्ण टेक पाठवा. तीस टेक पाठवणारा गायक निवडीचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि तिसाव्यापर्यंत त्याचाच गळा बसलेला असतो.

सगळ्यांनी मिळून ओरडायच्या ओळी ही मात्र अशी गोष्ट आहे जिथे चार घरं असणं फायद्याचं ठरतं. चौघांनी प्रत्येकी चार टेक पाठवले की सोळा आवाज होतात, तेही चार वेगळ्या खोल्यांतले. म्हणून एकाच खोलीत माणसं उभी करण्यापेक्षा गर्दी मोठी वाटते. प्रत्येक टेकला माइकपासूनचं अंतर बदला: अर्धा मीटर, एक मीटर, दारात उभं राहून, माइककडे पाठ फिरवून. एखादा टेक मुद्दाम बेसूर असू द्या. ओळीच्या शेवटचं ठसठशीत व्यंजन फक्त मुख्य गायकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ते गिळायचं. नाहीतर सोळा जणांचा ‘स’ सोळा ठिकाणी फुटतो. आणि २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका.

मिक्सिंगला एकच खास सांगणं: सगळ्यांना शेवटी एका खोलीत आणा. एकच छोटा रूम रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारा इफेक्ट) घ्या, ०.५ ते ०.७ सेकंदांचा, आणि त्यात ड्रम, गर्दीचे आवाज आणि थोड्या गिटारी पाठवा, बेस नाही. त्याहून सरस युक्ती म्हणजे ड्रम आणि गिटारींचं मिश्रण खऱ्या स्पीकरमधून एखाद्या जिन्यात किंवा न्हाणीघरात वाजवायचं, दोन मीटरवर माइक ठेवून रेकॉर्ड करायचं आणि ते मूळ मिक्सखाली हलकंसं मिसळायचं. चार घरांतून आलेल्या आवाजांना एकच हवा मिळते. लहान खोल्यांत रेकॉर्ड झालेल्या सगळ्या फायलींत २०० ते ४०० हर्ट्झचा फुगारा सारखाच असतो आणि तो साचत जातो. तो प्रत्येक ट्रॅकवर थोडा थोडा काढा, शेवटी एकदम नाही. खालचा भाग स्वतःच्या खोलीत ऐकून ठरवू नका. तीन मीटरच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपास एक जागा फुगते आणि दुसरी पोकळ होते, त्यामुळे खुर्ची सरकवली की बेस बदलतो.

अभिप्राय तीनच फेऱ्यांत, मिनिट-सेकंद लिहून. ‘जरा अजून जोश हवा’ हा अभिप्राय नव्हे. ‘१:१२ ला स्नेअर आवाजाखाली दबतो’ हा अभिप्राय. नवा आणि जुना मिक्स ऐकताना दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर मोठा वाजणारा नेहमीच जिंकतो.

मास्टर (प्रकाशनासाठीची अंतिम फाइल) ठोकून ठोकून मोठा करण्याची गरज उरलेली नाही. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याच्या मापाच्या) आसपास आणतो. पंकला थोडी चेपलेली घनता शोभते, म्हणून उणे ९ पर्यंत जायला हरकत नाही, पण कळस (सर्वांत उंच टोक) उणे १ डीबीवर थांबवा आणि स्नेअरचा फटका सपाट झाला की मागे या.

तबकडी (व्हिनाइल) काढायची असेल तर ते आधीच ठरवा. बारा इंची तबकडीची एक बाजू १८ ते २० मिनिटांत बसली तर आवाज खणखणीत राहतो, आणि तीस-पस्तीस मिनिटांच्या अल्बमला हे आयतंच जमतं. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये बेस एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला आहे. ते ऐकून तसंच करायचा मोह होतो, पण एका बाजूला ढकललेला जड बेस खाचेत सुईला त्रास देतो, म्हणून साधारण १५० हर्ट्झच्या खालचं मधोमध ठेवा. ‘स’ आणि हाय-हॅटची धार तबकडीसाठीच्या मास्टरमध्ये वेगळी कमी करावी लागते, विशेषतः आतल्या गाण्यांत. शांत गाणं असेल तर ते प्रत्येक बाजूच्या शेवटी टाका. आणि कारखान्याला वेळ द्या: फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा लॅकर तबकड्या (ज्यांवर मूळ खाच कोरतात त्या) बनवणारा कारखाना जळाला, तेव्हा जगात असे दोनच होते. पाठोपाठ महासाथ आली आणि टाळेबंदीतले कित्येक अल्बम डिजिटल स्वरूपात आधी आणि तबकडीवर बऱ्याच महिन्यांनी निघाले. प्रकाशनाची तारीख चाचणी-तबकडी हातात येऊन चौघांनी ऐकल्यावरच जाहीर करा.